पन्नास पैशांचे तर्कशास्त्र

(मोताळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तत्त्वज्ञानातील विरोधाभास आणि अनिश्चितता या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी ठरविले, तेव्हा त्यांच्यापैकी एका तरुण मित्राने हळूच सुचविले, की सर, विषय जरा जड आहे, मंडळी शेतावरून येणार आहेत. मला वाटते, हा विषय जड वाटायचाच असेल तर तो आम्हा प्राध्यापकांना वाटावा. ज्याला मृगात पेरावे की आर्द्राची वाट पाहावी याचा निर्णय दरवर्षी घरातले बियाणे पणाला लावून घ्यावा लागतो, त्याला अनिश्चितता म्हणजे काय हे मी काय सांगणार? आमचा पगार ठरल्या तारखेला होत असे. अर्थशास्त्रातील अनिश्चितता मी पुस्तकांतून शिकलो आणि पुस्तकांतूनच शिकविली. आपण ती काळ्या जमिनीत शिकला आहात. म्हणून मी आपल्या ओळखीच्या गोष्टींपासूनच सुरुवात करतो आणि तेथून तत्त्वज्ञानाकडे जातो.

खरिपाचे पीक उभे राहिले की महसूल खाते गावोगावची पैसेवारी काढते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. भरघोस पिकाला शंभर पैसे धरायचे आणि यंदाचे पीक त्यापैकी किती पैसे आले ते सांगायचे. आपले आजोबा याला आणेवारी म्हणत. आणे गेले, हिशेब राहिला. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीज बिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, अशा गोष्टींची दारे उघडतात. पन्नासच्या वर राहिली तर ती बंद. आता नाल्याच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे एक गाव अशी कल्पना करा. आभाळ तेच, जमीन तीच, बियाणेही एकाच दुकानातले. एका गावाची पैसेवारी एकोणपन्नास आणि दुसऱ्याची एकावन्न. पहिले गाव शासनाच्या दृष्टीने संकटात आहे आणि दुसरे खाऊनपिऊन सुखी आहे. दोन पैशांत एवढे सुख मावते, हे एखाद्या अर्थशास्त्रज्ञालाही सुचले नसते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती असे अनेक निकष आणले. हे पूर्वीपेक्षा बरे आहे, यात शंका नाही. परंतु निकष पाच असोत की पंधरा, शेवटी प्रत्येकाला कोठेतरी रेघ आहेच. पैसेवारीची यादीही अजून निघतेच.

ही अडचण तहसील कार्यालयात जन्मलेली नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मायलेटसच्या युब्युलिडीस या ग्रीक विचारवंताने ती कोड्याच्या रूपाने मांडली होती. धान्याचा एक दाणा म्हणजे ढीग नव्हे. त्यात एक दाणा टाकला तरी ढीग होत नाही. आणखी एक टाकला तरीही नाही. एका दाण्याने ढीग कधीच होत नसेल तर मग ढीग होतो केव्हा? रोज खळ्यावर राशी पाहणाऱ्या माणसाला ढीग म्हणजे काय हे पक्के ठाऊक असते. तर्कशास्त्र मात्र तेथे अडखळते. कारण तर्कशास्त्राचा एक मूळ नियम असा, की कोणतेही विधान एक तर सत्य असते किंवा असत्य असते. मधली जागा नाही. खरे तर दुष्काळ पडत नाही, तो उतरतो, साठत जातो, एका घरात आधी शिरतो आणि शेजारच्या घरात महिन्याने. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या पट्ट्यातच बहुतेक माणसे जगत असतात.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून येथेच सांगतो. रेघ ओढूच नये असे मी म्हणत नाही. ज्या शासनाला मदत वाटायची आहे त्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. न्यायालयाला, परीक्षकाला, रेशन दुकानालाही ती लागते. आक्षेप एवढाच, की रेघ आपण ओढली आहे हे विसरून ती जणू सृष्टीनेच ओढून ठेवली होती असे मानले जाते. मग पन्नास हा आकडा सोयीसाठी निवडलेला राहत नाही, तो सत्य होऊन बसतो. आणि एकावन्नवाल्या गावाचा माणूस अर्ज घेऊन आला की त्याला सांगितले जाते, तुमच्याकडे दुष्काळ नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचे वाळलेले झाड खोटे ठरते, कागद खरा ठरतो.

आपल्या देशात या प्रश्नाकडे वेगळ्या रीतीने पाहणारी एक जुनी परंपरा आहे. जैन आचार्यांनी अनेकान्तवाद मांडला आणि त्याला जोडून स्याद्वाद. कोणतेही विधान करताना त्याच्या मागे ‘स्यात्’ हा शब्द लावावा, म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’. एका अपेक्षेने आहे. एका अपेक्षेने नाही. आहे आणि नाहीही. शब्दांत सांगता येत नाही. आणि यांच्या जुळण्यांतून एकूण सात प्रकारची विधाने होतात. पुष्कळांनी याची ‘धरसोडीचे तत्त्वज्ञान’ म्हणून थट्टा केली. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात त्यावर कडक टीका केली, की एकाच वस्तूत एकाच वेळी परस्परविरुद्ध धर्म राहू शकत नाहीत. टीका तर्काला धरूनच आहे. पण जैन आचार्यांचे उत्तरही विचारात घेण्यासारखे आहे: आम्ही एकाच अपेक्षेने दोन्ही म्हणत नाही. अपेक्षा सांगा, मग विरोध उरतो की नाही ते पाहू.

येथे मी आपल्याला एक गोष्ट सांगणार आहे, ती आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली ‘डायलेक्टिका’ या युरोपातील नियतकालिकात संख्याशास्त्राच्या वैचारिक पायाविषयी लेख लिहिला आणि त्यात स्याद्वादाचा आधार घेतला. संख्याशास्त्र निश्चित ज्ञान देत नाही, ते आपल्या अनिश्चिततेचे माप देते, आणि या वृत्तीला जवळचे असे तर्कशास्त्र त्यांना जैनांच्या सप्तभंगीत दिसले. तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, जे. बी. एस. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाने ‘संख्या’ या कलकत्त्याच्या नियतकालिकात स्याद्वादावरच लेख लिहिला. हॉल्डेन मार्क्सवादी म्हणून जगभर ओळखले गेलेले. जुन्या पोथ्यांची भलावण करणारे ते गृहस्थ नव्हेत. पोलादाचे कारखाने किती आणि यंत्रांचे किती याचे प्रमाण ठरविणारा नियोजनकार, आणि विज्ञानाखेरीज कशालाही न मानणारा मार्क्सवादी, या दोघांनाही ‘स्यात्’ या दोन अक्षरांचे महत्त्व पटले होते. नियोजन मंडळाच्या फायलींत मात्र ही अक्षरे उतरली नाहीत. तेथे आकडा गेला की तो एकटाच जाई.

आणि हे प्रकरण मोताळ्यापासून दूरचे आहे असे समजू नका. शेतात मोजून आखलेल्या तुकड्यातले पीक कापून, झोडपून, तोलून त्यावरून गावाचे किंवा मंडळाचे उत्पन्न काढायचे, हा पीक कापणी प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत दर हंगामात होतो. या पद्धतीचा शास्त्रीय पाया १९४०च्या दशकात या देशात घातला गेला, तो मुख्यतः दोन माणसांनी. एक महालनोबिस आणि दुसरे आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातले. दोघांत मोठा वाद झाला. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसते. म्हणजे पाहा, किती पिकले या साध्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दोरी केवढी आखता यावर अवलंबून! ही ‘अपेक्षा’ नव्हे तर दुसरे काय? दोन थोर संख्याशास्त्रज्ञ ज्यावर वर्षानुवर्षे भांडले, ते उत्तर आपल्याकडे ‘अंतिम’ असा शिक्का मारून येते.

पीक विम्याचेही असेच. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. आपल्या राज्यात २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरायचा आणि बाकीचे शासनाने, अशी व्यवस्था दोन वर्षे चालली. २०२५च्या खरिपापासून ती बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा परत आला. रुपयाच्या विम्यावर पुष्कळ चर्चा झाली, गैरप्रकारही बाहेर आले. पण मूळ प्रश्न रुपयाचा नाहीच. प्रमुख पिकांसाठी विम्याचे एकक महसूल मंडळ हे आहे. मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर भरपाई. एका शिवारात पावसाने वीस दिवस खंड दिला, दुसऱ्यात बरसला, सरासरी बरी निघाली, की वाळलेल्या शिवाराला काही नाही. सरासरी हा एक माणूस आहे, ज्याचे घर कोणत्याच गावात नाही, आणि धोरणे मात्र त्याच्यासाठी आखली जातात.

आता थोडे अर्थशास्त्राकडे वळतो. १९२१ साली दोन पुस्तके निघाली. अमेरिकेत फ्रँक नाइट यांचे जोखीम, अनिश्चितता आणि नफा यांवरचे, आणि इंग्लंडात जॉन मेनार्ड केन्स यांचे संभाव्यतेवरचे. नाइट यांनी एक भेद केला, तो आपण मनात ठेवावा. जिच्या शक्यता मोजता येतात ती जोखीम. जिच्या मोजताच येत नाहीत ती अनिश्चितता. नाणे उडवणे ही जोखीम. तीन वर्षांनी कापसाचा भाव काय असेल, ही अनिश्चितता. केन्स यांनी पुढे १९३७ साली हाच मुद्दा अधिक स्पष्टपणे मांडला, की काही गोष्टींच्या बाबतीत शक्यता काढण्याला कोणताही शास्त्रीय आधार नसतो, आपल्याला त्या केवळ ठाऊक नसतात. आमच्या शास्त्राने हे ऐकले, मान डोलावली आणि सगळ्याच अनिश्चिततेला जोखीम समजून समीकरणे लिहायला घेतली.

तुरीचे उदाहरण घ्या. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. पुढच्या वर्षी शेतकऱ्याने काय करावे? भाव चढला आहे, तूर लावावी. यात चूक काय? काहीच नाही. हिशेब चोख आहे. पण तोच चोख हिशेब लाखो शेतकऱ्यांनी केला, पाऊसही बरा झाला, आणि देशातले तुरीचे उत्पादन २०१५–१६ मधील सुमारे २५ लाख टनांवरून २०१६–१७ मध्ये ४८ लाख टनांच्या पुढे गेले. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये होता. बाजार त्याच्या खाली घसरला. २०१७ च्या त्या महिन्यांत खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या होत्या आणि बारदाना नाही म्हणून मोजणी बंद, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. प्रत्येकाचा तर्क बरोबर होता आणि सर्वांचा मिळून निष्कर्ष चुकला. जो अंदाज लोक खरा मानतात तो त्यांच्या मानण्यानेच खोटा पडतो. ‘मी खोटे बोलत आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाचे जुने कोडे तर्कशास्त्रात शिकवतात, आणि विद्यार्थी त्याला शब्दांचा खेळ समजतात. तुरीच्या रांगेत रात्र काढलेल्या माणसाला तो खेळ वाटला नसता.

मग खात्रीसाठी माणूस कोठे जातो? आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्ये, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, पापड, करंजी, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून पाऊस, पिके, इतकेच नव्हे तर राजाची गादी यांचेही भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने याला विरोध केला आहे, आणि तो योग्यच आहे. रात्रीतून ढेकळाला लागलेली ओल आणि ऑगस्टमधला पाऊस यांचा काही संबंध नाही. पण आपण कार्यकर्त्यांनी तेवढ्यावर थांबता कामा नये. तेथे जमणारा शेतकरी मूर्ख नाही. तो भाकीत ऐकतो, वेधशाळेचा अंदाजही मोबाइलवर पाहतो, कृषी केंद्रवाल्याला विचारतो, आणि घरी येऊन काय पेरतो? सोयाबीनमध्ये तूर. पूर्वी कपाशीत तूर, ज्वारीत मूग किंवा उडीद. एक पीक लवकर हाती येणारे, दुसरे खोल मुळांचे, उशिरापर्यंत तग धरणारे. म्हणजे एकाच तासात तो दोन परस्परविरुद्ध भाकिते पेरतो: पाऊस लवकर संपेल हे एक, आणि शेवटपर्यंत पडेल हे दुसरे. कोणतेही एक खरे निघाले तरी घर चालावे. घटाची खात्री तो कानांनी ऐकतो, हातांनी मात्र स्याद्वादी राहतो. आमच्या तत्त्वज्ञांना हे लिहायला ग्रंथ लागले.

मला चिंता वाटते ती या शहाणपणाला नगदी पिकांच्या सलग पेऱ्याने आणि कर्जाच्या ठरीव हप्त्यांनी जी ओहोटी लागली आहे तिची. पाऊस ‘कदाचित’ येतो, भाव ‘कदाचित’ मिळतो, आणि हप्ता मात्र तारखेला. अनिश्चिततेचा सगळा भार एका टोकाला आणि निश्चिततेची सगळी सोय दुसऱ्या टोकाला, अशी ही वाटणी आहे. विदर्भातील आत्महत्यांची कारणे पुष्कळ आहेत आणि मी त्यांचे एक कारण करू इच्छित नाही. पण ही वाटणी त्यांत आहेच, आणि ती समाजवादी माणसाने पाहण्याची गोष्ट आहे. अनिश्चितता ही निसर्गाची असते. ती कोणाच्या पाठीवर टाकायची हा निर्णय समाजाचा असतो.

आता कोणी म्हणेल, आम्ही बुद्धिप्रामाण्य मानणारी माणसे. तर्काच्या मर्यादा सांगत बसलो तर बुवा-महाराजांना रान मोकळे मिळेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी आपल्याच भाषेतील एका ग्रंथाच्या रचनेवरून देतो. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात एका प्रकरणात शब्दाचे खंडन आहे, पुढच्यात अज्ञानाचे, आणि त्यानंतर चक्क ज्ञानाचे. अज्ञान खोडून काढल्यावर माणूस ज्ञानावर विसावेल अशी आपली अपेक्षा असते. ज्ञानेश्वर तेही आसन काढून घेतात. शब्दांनी शब्दांचे खंडन करणे हा उघड विरोधाभास आहे आणि त्यांना तो ठाऊक होता. परंतु या टोकाला गेलेला माणूस गप्प बसला नाही की तर्क टाकून देऊन धुक्यात शिरला नाही. अज्ञानखंडनाचे प्रकरण हे त्या ग्रंथातील सर्वांत मोठे आणि सर्वांत काटेकोर युक्तिवादाचे आहे. तर्काची सीमा तर्कानेच गाठावी लागते. जो तेथवर चालत गेलाच नाही त्याला ‘तर्कापलीकडे’ हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही. बुवा आणि तत्त्वज्ञ यांच्यातला फरक ओळखण्याची माझी कसोटी हीच आहे. बुवा विरोधाभास पुढे करतो तो प्रश्न थांबविण्यासाठी, तत्त्वज्ञ करतो तो प्रश्न आणखी एक पाऊल पुढे नेण्यासाठी.

बुद्धांची एक कथा प्रसिद्ध आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेले की अनंत, असे प्रश्न मालुंक्यपुत्ताने विचारले आणि उत्तरे मिळाली नाहीत तर संघ सोडून जाईन म्हणाला. बुद्धांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही असे तो म्हणाला तर उत्तरे मिळण्यापूर्वी मरेल. येथे अनिश्चितता निष्क्रियतेचे कारण होत नाही. उलट, सगळी उत्तरे मिळाल्याशिवाय हलणार नाही हा हट्टच माणसाला मारतो. नागार्जुनाने, ज्याचा जन्म तिबेटी परंपरा आपल्या विदर्भातला मानते, ‘आहे, नाही, दोन्ही, दोन्ही नाही’ ही चारही टोके नाकारण्यापर्यंत हा विचार नेला. त्यात मी आज शिरत नाही, संध्याकाळ होईल.

बुद्धांकडे गेलेल्या आणि मूळचे अर्थशास्त्रज्ञ असलेल्या बाबासाहेबांचे मात्र स्मरण केलेच पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी बजावले होते, की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतींच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती फार काळ टिकू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांचे सांगणे होते. विरोधाभासांना कवटाळा असा उपदेश करणाऱ्या पुस्तकांची आज चलती आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सगळे विरोध एका जातीचे नसतात. ज्ञानाच्या मर्यादेतून येणारा विरोध सहन करायचा असतो, त्याच्याशी सख्य करायचे असते. अन्यायातून येणारा विरोध सहन करायचा नसतो. मत समान आणि ताट विषम, ही सृष्टीतील गूढता नाही. ती माणसांनी केलेली व्यवस्था आहे. दोहोंची गल्लत करणारा माणूस कितीही मधुर बोलला तरी तो कोणाच्या तरी सोयीचे बोलत असतो.

या संदर्भात आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील शिरपूरची आठवण होते. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीवरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात शतकभराहून अधिक काळ वाद आहे. १९२९ साली तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून मंदिराला कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली ते उघडले. अनेकान्तवाद जगाला देणाऱ्या परंपरेतच हे व्हावे! पण हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात पाहावे. १९३४ साली पाटण्याला काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. त्यानंतर १९४८, १९५२, १९५५, १९६४, १९७७, फुटण्याची आणि जुळण्याची ही वर्षे सांगताना जीभ थकते. प्रत्येक फुटीच्या वेळी प्रत्येक गटाला आपले विश्लेषण शंभर पैसे बरोबर वाटत होते. आपल्या म्हणण्यामागे ‘स्यात्’ लावण्याची सवय असती तर सगळ्या फुटी टळल्या असत्या असे मी म्हणत नाही. काही मतभेद खरेच मूलभूत होते. पण निम्म्या तरी टळल्या असत्या. लोहियांनी ‘निराशा के कर्तव्य’ या नावाचे भाषण केले होते. यशाची खात्री नसतानाही कर्तव्य उरते, हे त्या शीर्षकातच आहे. आमच्या चळवळीला खात्री आणि निराशा या दोनच अवस्था ठाऊक होत्या. त्यांच्या मधल्या जागेवर उभे राहून काम करण्याची रीत त्या शब्दांत सापडते.

शेवटी एक सावधगिरी. अनिश्चिततेचे तत्त्वज्ञान सत्ताधाऱ्यांनाही आवडते. पाऊस कोणाच्या हातात आहे, बाजार कोणाच्या हातात आहे, असे म्हणून जबाबदारी झटकता येते. आणि जेथे आकडे द्यायचे असतात तेथे तेच लोक कमालीचे निश्चित होतात. वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. गोसीखुर्दपासून निघून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या आपल्या नळगंगा धरणापर्यंत पाणी आणायचे, खर्च सुमारे ८७ हजार कोटी, सिंचन सुमारे ३ लाख ७१ हजार हेक्टर. मी या प्रकल्पाचा विरोधक नाही; पाणी आले तर या तालुक्यातला प्रत्येक माणूस आनंदित होईल. पण ज्या गोसीखुर्दपासून ते निघायचे, त्या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता आणि पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. म्हणून विचारावे: वैनगंगेचे ‘अतिरिक्त’ पाणी कोणत्या वर्षीच्या हिशेबाने अतिरिक्त आहे? सिंचन प्रकल्प शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांच्या भरवशावर आखण्याची रीत आहे. उरलेल्या पंचवीस वर्षांत, जेव्हा तिकडेही पाऊस नसेल, तेव्हा कालव्याच्या कोणत्या भागाचे पाणी आधी तोडले जाईल? नळगंगा शेवटच्या टोकाला आहे, एवढे लक्षात ठेवा. याचे उत्तर प्रकल्पाच्या कागदांत आजच लिहून मागितले पाहिजे, पाणी आल्यानंतर नव्हे.

पैसेवारीबाबतही माझी सूचना तशीच आहे. पन्नासची एकच रेघ काढून टाकून सवलत पायरीपायरीने वाढत जाईल अशी मागणी पक्षाने करावी: साठच्या खाली थोडी, पन्नासच्या खाली अधिक, चाळीसच्या खाली पूर्ण. त्याने ढिगाचे कोडे सुटत नाही, दर पायरीवर ते पुन्हा उभे राहील. पण दोन पैशांनी कोणाचे सर्वस्व जाणार नाही. आणि तोवर हे करा. गावाचा आकडा जाहीर होतो तेव्हा किती शेतांत तुकडे कापले, आणि त्यांत सर्वांत कमी व सर्वांत जास्त उत्पन्न किती निघाले, हे आकडे तलाठ्याकडून लेखी मागून घ्या. गावाच्या पैसेवारी समितीत कोण आहे आणि कापणीच्या दिवशी शेतावर कोण हजर होते, तेही लिहून ठेवा. येत्या खरिपाच्या नजरअंदाज पैसेवारीपासून प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती ही वही सुरू केली, तर अंतिम यादी निघण्याआधी त्या वह्या घेऊन आपल्याला तहसील कार्यालयात बसता येईल. वहीचा नमुना मी करून आणला आहे. तो चहाच्या वेळी पाहू.